परीक्षित तेल

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपती पाण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात शस्त्रागार पडलं. आज नेमबाजी क्लबच्या सभेत मला 'मानद शस्त्रपाल' नेमलं. मानद म्हणजे काम सगळं करायचं आणि मान कोणी दिलाच तर घ्यायचा. आधीचे सुभेदार मुलाकडे साताऱ्याला कायमचे राहायला गेले. त्यांच्या जागी कोण, असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी मोबाइलमध्ये माना घातल्या. मी एकट्याने वर ठेवली, एवढाच माझा अपराध. अध्यक्ष म्हणाले, "खांबेटे, तुम्ही वजनमापे खात्यातले. तपासणी तुमच्या रक्तात आहे."

हे मात्र खरं आहे. एकतीस वर्षं मी या शहराचे तराजू तपासले. मार्केट यार्डात माझी स्कूटर वळताना दिसली की गाळ्यागाळ्यांत वजनं बदलायची. 'मला माहीत नव्हतं साहेब' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकताना झोप येते.

आनंदीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, घरातली भांडी तपासणं तरी थांबेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

क्लब म्हणजे लोणी काळभोरच्या अलीकडे माळावर एक पत्र्याची शेड आणि पन्नास मीटरची रेंज. शनिवार पेठेतून तिथे पोचायला दीड तास लागतो, त्यातला एक तास हडपसर खातं. सबब मी दुपारी बारा ते तीन येणार, असं लेखी कळवून टाकलं. मुलं सकाळी साडेसहाला सराव करतात. करोत.

आज कपाट उघडलं आणि डोकं फिरलं. रायफली सात, सगळ्या पॉइंट टू टू बोअरच्या, आणि तेलं दहा. शिलाई मशीनचं तेल, निळ्या डब्यातला फवारा, कोणाच्या तरी बुलेटचं इंजिन ऑइल सरबताच्या बाटलीत, तिळाचं, मोहरीचं. एका बाटलीवर चिठ्ठी: 'बहुतेक तेल'. ज्याने लिहिली त्याला मला भेटायचं आहे.

दाराला आतून सुभेदारांनी एक कागद चिकटवला होता: 'तेल कमी, चिंधी जास्त.' खाली सही नाही, तारीख नाही, कोणत्या चाचणीवरून हे ठरवलं त्याचा उल्लेख नाही. काढून टाकला.

प्रशिक्षक केदार बघत उभा होता. हा अडतीस वर्षांचा, मला काका म्हणतो. मी त्याचा काका नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पुण्यात तेलाचा विषय काढू नये. चहाच्या वेळी सहज विचारलं की रायफलीला कोणतं तेल वापरावं, तर पाऊण तास भांडण चाललं.

खराडीच्या आयटी कंपनीतला ऋषी परदेशी गन ऑइलची बाटली घेऊन आला. म्हणे, "काका, धिस इज द बेस्ट. क्लीन करतं, ल्युब्रिकेट करतं, प्रोटेक्ट पण करतं." मी विचारलं, हे कोणी सिद्ध केलं? म्हणाला, बाटलीवर लिहिलंय. मार्केट यार्डातल्या प्रत्येक पोत्यावर पन्नास किलो लिहिलेलं असायचं.

केदारचं म्हणणं याच्या उलट. साफ करायचं द्रव्य वेगळं, वंगण वेगळं, आणि गंजापासून राखायला वेगळं. बाहेरून हलका हात फिरवायचा. आणि बोल्टच्या, म्हणजे मागची खिट्टी असते तिच्या आत, जिथे फायरिंग पिन सुटून काडतुसाच्या बुडावर आदळते, तिथे जवळजवळ कोरडंच ठेवायचं. जवळजवळ म्हणजे किती, असं मी विचारलं. त्याने बोटाने हवेत काहीतरी दाखवलं. हे काय माप झालं?

उत्कर्षा एकटी गप्प होती. ही लोणीची, शेतकऱ्याघरची, वीस वर्षांची. क्लबात नेम म्हणावा असा फक्त तिचा आहे. १४ डिसेंबरला राज्याची निवड चाचणी आहे आणि पुढच्या वर्षी ती ज्युनिअर गटात बसणार नाही, म्हणजे हीच तिची शेवटची संधी. तिच्याकडे स्वतःची रायफल नाही. क्लबची चार नंबरची वापरते. तिला विचारलं तर म्हणाली, आजोबांना विचारून सांगते. त्यांच्याकडे परवान्याची जुनी दुनळी बंदूक आहे.

मी ठरवलं, मतं पुरे. चाचणी घ्यायची.

१५ सप्टेंबर, सोमवार

बोहरी आळीतून एका मापाच्या बारा लोखंडी पट्ट्या कापून आणल्या. उत्कर्षाने आजोबांकडून घाण्याचं खोबरेल आणलं. ते बंदुकीला हेच लावतात म्हणे. पुढे काहीतरी सांगत होती, पण मी बाटलीला नंबर देत होतो; म्हटलं, बाकीचं नंतर. कपाटातली दहा, ऋषीचं एक आणि हे एक, बारा तेलं, बारा पट्ट्या. न्हाणीघराच्या खिडकीत दोरीला टांगल्या आहेत. रोज सकाळी मिठाच्या पाण्याचा शिडकावा. मुदत एकवीस दिवस.

सुभेदारांनी इतकी वर्षं हे का केलं नाही, हेच कळत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आनंदीने विचारलं की न्हाणीघरात अजून किती दिवस वाकून जायचं. दहा दिवस, असं सांगितलं. म्हणाली, पट्ट्यांना तेल लावलंत, खिडकीच्या बिजागरीलाही लावा. ती चार वर्षं करकरतेय.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

क्लबात शस्त्रपूजा. मी आधीच पाटी लावली होती: हळद-कुंकू, फुलं व पाणी शस्त्रांसमोरील पाटावर वाहावे, शस्त्रांवर नाही. कुंकवाने लोखंडाचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

उत्कर्षाचे आजोबा आप्पासाहेब आले. पांढरा फेटा, हातात नारळ. पाटी त्यांनी सावकाश वाचली आणि मग चार नंबरच्या रायफलीच्या नळीवर कुंकवाचं बोट टेकवलं. मी त्याच क्षणी रुमालाने पुसलं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "पुसा की. देवाला पोचलं ते."

उत्कर्षा खाली बघत होती. मी नोंदवहीत नोंद केली: रायफल क्र. ४, कुंकू, आप्पासाहेबांकडून.

६ ऑक्टोबर, सोमवार

निकाल लागला. निळ्या डब्यातला फवारा सपशेल नापास, पट्टी तांबडी झाली. शिलाई मशीनचं तेल ओघळून गेलं, कडांना गंज. तिळाचं आणि मोहरीचं चिकट. ऋषीच्या परदेशी तेलाला दोन ठिपके. 'बहुतेक तेल' हे बहुतेक पाणी असावं.

आणि खोबरेल? एकही ठिपका नाही. स्वच्छ, पारदर्शक, पाण्यासारखं पातळ, वासालाही सुसह्य. मी स्वतः चकित झालो. माझा आणि खोबरेलाचा संबंध डोक्यावरचे केस गेले तेव्हाच संपला होता, त्यामुळे हा काही माझा लाडका उमेदवार नव्हता. पण चाचणी म्हणजे चाचणी.

पाटी केली: 'परीक्षित तेल. याखेरीज अन्य तेल वापरू नये. य. खांबेटे, मानद शस्त्रपाल.' इतकं समाधान निवृत्तीनंतर प्रथमच वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तापलेला, बनियन ओला. तरी सातही रायफली पुऱ्या केल्या. बोल्ट उघडून आत परीक्षित तेल सढळ हाताने घातलं. केदार म्हणाला, "काका, आत इतकं नको. पिनला मोकळं सरकायला लागतं." मी पिन त्याच्यासमोर सरकवून दाखवली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग त्यानेच पुढचा बोल्ट हातात दिला.

आता कोणी मागून दुसरं तेल ओतू नये म्हणून प्रत्येक बोल्टच्या मागच्या टोपणाच्या सांध्यावर कागदाची पट्टी आणि लाखेचं सील लावलं. नळी साफ करायला त्याची अडचण होत नाही. सील तोडल्यास शिस्तभंग. लाखेचा वास आला आणि थेट ऑफिसातले दिवस आठवले.

१६ नोव्हेंबर, रविवार

थंडी एकदम पडली. सकाळी पेपर वाचायला गॅलरीत गेलो तर माझ्या खुर्चीत, जिथे ऊन येतं बरोबर तिथे, आनंदीची तेलाची बाटली. उचलून कठड्यावर ठेवली. तर म्हणाली, पाडाल, आणि सावलीत ठेवू नका. मी विचारलं, रोज सकाळी हीच जागा लागते का हिला? म्हणाली, "दर वर्षी लागते. तुम्हाला दर वर्षी नवीन वाटतं."

केदारचा फोन आला. थंडीमुळे बाकीच्यांनी सराव दुपारवर ढकललाय, साडेसहाला उत्कर्षा एकटीच येते; आज तिच्या रायफलीत तीन काडतुसं फुटलीच नाहीत. मी म्हटलं, काडतुसांची पेटी बदला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पेटी बदलली, तरी सकाळी सात काडतुसं वाया. केदारने ती माझ्यापुढे टेबलावर ठेवली. बुडावर पिनची खूण अगदी फिकट. तो म्हणाला, पिन जोर लावत नाही, सील काढून बघू. मी म्हटलं, सील काढायला कारण लागतं. तो म्हणाला, हेच कारण. हा वाद वर्तुळात फिरतो, म्हणून थांबवला.

दुपारी उत्कर्षाही आली. रायफलीबद्दल सांगू लागली. मी म्हटलं, तोंडी तक्रार घेत नाही, लेखी दे. तिने तिथेच वहीचा कागद फाडून काहीतरी लिहिलं. तक्रारीचा विहित नमुना भिंतीवर लावलेला असताना वहीचा कागद. आवक शिक्का मारला आणि 'अपूर्ण अर्ज' फायलीत लावला. नमुन्यात दे, मग बघतो, असं सांगितलं. नमुन्यात काही तिने दिलं नाही. म्हणजे तक्रारीत दम नसावा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी स्वतः चार नंबरची चाचणी घेतली. वेळ दुपारी साडेबारा. दहा काडतुसं, दहाही फुटली. रायफल निर्दोष आहे.

मग सकाळीच काय होतं हिला? केदारकडून कळलं की ही मुलगी हल्ली दोन स्वेटर घालून येते आणि नेम धरण्याआधी बोल्ट काढून पंधरा-वीस मिनिटं स्वेटरच्या आत, काखेत धरून बसते. मग काडतुसं फुटतात म्हणे. हे असले तोडगे. चाचणी जवळ आली की चांगली चांगली मुलं अशी होतात. भीतीने हात थरथरत असेल, आणि दोष रायफलीला. मला तिची कीवही आली आणि रागही.

१ डिसेंबर, सोमवार

चार नंबर पूर्ण तपासली. दस्त्याच्या खाचेत तांबडी कणी सापडली. कुंकू! दसऱ्याचं, आप्पासाहेबांचं. मी नळीवरचं पुसलं होतं, पण हे आत उतरलं असणार. की नंतर पुन्हा पूजा केली? लोकांना पाटी वाचता येते, पाळता येत नाही.

दोन पानी अहवाल लिहिला. रायफल दुपारच्या चाचणीत निर्दोष; दोष हाताळणीचा; शस्त्रावर परकीय पदार्थ आढळला; संबंधित नेमबाजाचं वर्तन अंधश्रद्धेचं. शिफारस: चौकशीपर्यंत रायफल देऊ नये. शिफारस लिहिताना पेन थांबलं होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण एकतीस वर्षं पेन असंच थांबायचं आणि तरी लिहायचोच.

४ डिसेंबर, गुरुवार

समितीने अहवाल मान्य केला. निवड चाचणीसाठी क्लबकडून जाणाऱ्या नावांतून उत्कर्षाचं नाव वगळलं. नावं पाठवायची मुदत दहा तारीख.

मी इतकं मागितलं नव्हतं. मी फक्त रायफल थांबवा म्हटलं होतं. पण रायफल नाही तर नाव कशाला, असं अध्यक्ष म्हणाले आणि ते तर्काला धरून आहे. उत्कर्षा बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "सर, तुम्ही माझा कागद वाचला का?" मी म्हटलं, नमुन्यात नव्हता. तिने मान हलवली आणि बॅग उचलून निघाली. केदार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काकासुद्धा म्हणाला नाही.

घरी आलो, जेवण गेलं नाही. हे हवामानामुळे.

८ डिसेंबर, सोमवार

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी साडेआठला केदार दारात. कुडकुडत होता. हातात काचेची छोटी डबी, आत पांढरं मेणासारखं काहीतरी. म्हणाला, साडेसहाला चार नंबरच्या बोल्टचं सील तोडलं, आत हे भरलं होतं. मी आधी सील तोडल्याबद्दल बोललो, बरंच बोललो. मग म्हटलं, पण हा तर पुरावाच झाला. तिने आत मेण भरलंय, नाहीतर व्हॅसलीन. म्हणून पिन अडकते.

तो म्हणाला, "सील तुमचंच होतं. शाबूत होतं. आत कोण भरेल?"

मी म्हटलं, ते प्रयोगशाळा सांगेल. डबीला त्याच्यासमोर लाख लावली, सही केली, वेळ घातली. ठेवायची कुठे, तर तोच म्हणाला, गॅलरीत ठेवा, मी बाराला फोन करतो. तिथे कठड्यावर आनंदीची बाटली होती. तिच्याकडे बघून तो थोडा हसला. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. डबी बाटलीशेजारी ठेवली आणि मी आत अहवालाची पुरवणी लिहायला बसलो. चांगली दोन पानं झाली.

पावणेबाराला बाहेर आलो. डबीत मेण नव्हतं. पाण्यासारखं स्वच्छ तेल होतं.

मी आनंदीला हाक मारली. विचारलं, डबीला हात कोणी लावला? ती कणकेच्या हातांनी आली. म्हणाली, मी कशाला लावू. मी लाख बघितली. सही बघितली. जिथल्या तिथे. शेजारी तिची बाटली. सकाळी ती पांढरी होती, हे मला तेव्हा आठवलं. आता तीही स्वच्छ होती. आनंदीने दोन्हींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खोबरेल आहे ना? थिजलेलं उन्हात वितळलं. त्यात काय झालं?"

बारा वाजता फोन वाजला. मी उचलला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

काल रात्रभर एकच हिशोब मनात: कोणाला कळलंय? केदारला. तो बोलणार नाही, त्याला नोकरी आहे. सातही बोल्ट गुपचूप पुसून काढायचे, 'हिवाळ्यासाठी तेलात बदल' अशी पाटी लावायची. कोणाचं काही अडणार नाही. फक्त एका मुलीचं अडेल, आणि तीही पुढे दुसऱ्या गटात खेळेलच की. हे सगळं मी खरंच मनात मांडलं. लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहून काय करू.

सकाळी गॅलरीत आनंदी केसांना तेल लावत होती. मी सगळं सांगितलं. ती तेल चोळत ऐकत होती. शेवटी विचारलं, "चुकीचं वजन सापडलं की तुम्ही काय करायचात?"

मी म्हटलं, जप्त.

"आणि दुकानदार म्हणाला, मला माहीत नव्हतं?"

ती उठून आत गेली.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी केदारला घेऊन अध्यक्षांच्या घरी गेलो. एक पान दिलं: माझा १ डिसेंबरचा अहवाल चुकीचा आहे, दोष तेलाचा आणि तेल निवडणाऱ्याचा, चाचणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि फक्त गंजासाठी घेतली, थंडीत पिन सरकते का हे तपासलं नाही, दुपारी बाराची तपासणी निरर्थक होती. अध्यक्ष म्हणाले, अहो, असं एकदम लेखी कशाला, काहीतरी सौम्य करून पाठवू. मी म्हटलं, सौम्य केलं तर सही करणार नाही. मुदत आजचीच होती. केदारने त्यांच्यासमोर बसून नाव पाठवलं आणि पोचपावती येईपर्यंत मी खुर्चीतून हललो नाही.

मग लोणीला गेलो. आप्पासाहेब ओट्यावर उन्हात बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं की चूक माझी होती, तुमच्या कुंकवाची नव्हती. ते म्हणाले, बसा आधी. मग सावकाश बोलले: "आवं, खोबरेल दिवाळीपतोरच. म्होरं थिजतंय, तवा आमी बंदूक पुसून काढतो. ह्ये पोरीबरूबर सांगून धाडलं व्हतं. तुमी बाटली तेवढी ठिवून घ्येतली."

मला १५ सप्टेंबर आठवला. बाकीचं नंतर, असं म्हणालो होतो.

उत्कर्षा गोठ्याकडून आली. नाव पाठवल्याचं केदारने तिला फोनवर सांगितलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, ते जास्त लागलं. मी विचारलं, तुला ठाऊक होतं तर माझ्याशी भांडली का नाहीस? म्हणाली, "सर, पाटीवर 'परीक्षित' लिहिलं होतं. सील होतं. मग मी बोल्ट गरम करून मारायचे. आणि लेखी दिलंच होतं की. तुम्ही शिक्का पण मारला."

चहा घेतला. आप्पासाहेबांनी निघताना खोबरेलाची एक बाटली हातात ठेवली. मी बघतच राहिलो. म्हणाले, डोक्याला लावा. माझ्या डोक्याकडे बघून नातीला हसू आवरलं नाही. मलाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल आणि आज दुपारी केदारबरोबर सातही बोल्ट उघडले. उरलेली सहा सीलं मी माझ्या हाताने तोडली. आधी साफ करायच्या द्रव्याने धुतले, चिंध्यांनी कोरडे केले. बाहेरून ऋषीच्या परदेशी तेलाचा हलका हात. आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही चिंधीवर घेऊन, मग ती चिंधीसुद्धा जवळजवळ कोरडी होईपर्यंत पुसून. जवळजवळ म्हणजे किती, ते आता बोटांना कळलं. लिहून सांगता येणार नाही. केदार पुन्हा काका म्हणू लागला आहे. म्हणू दे.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्याची चाचणी बालेवाडीला, नऊ वाजता. क्लबात कागद आवरताना 'अपूर्ण अर्ज' फाइल हाती आली. हिला तीन दिवस मी टाळत होतो, हे कबूल. आत एकच कागद, वहीचा, कडेला फाटलेला. वर माझा शिक्का: आवक, २० नोव्हेंबर. खाली:

'सर, तेल थंडीत घट्ट होतं. दुपारी चेक केलं तर कळणार नाही कारण तोपर्यंत पत्रा तापतो. सील काढलं नाही तरी चालेल. फक्त एकदा सकाळी साडेसहाला या. मी थांबते. उत्कर्षा.'

चारच ओळी. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझ्या आयुष्यात आलेली ही सर्वांत पूर्ण तक्रार असेल.

१४ डिसेंबर, रविवार

साठही काडतुसं फुटली. उत्कर्षा निवडली गेली, यादीत तिसरी. आप्पासाहेबांनी बालेवाडीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि रायफलीच्या पेटीवर कुंकवाचं बोट टेकवलं. मी खिशातला रुमाल खिशातच राहू दिला.

घरी आल्यावर सुभेदारांचं वाक्य नव्या कागदावर लिहिलं: 'तेल कमी, चिंधी जास्त.' खाली त्यांचं नाव घातलं. त्याखाली 'तपासणी' असं लिहून पुढे माझी सही करणार होतो. ती जागा मोकळी ठेवली आहे. उद्या उत्कर्षाची घेईन.

पण मला लिहून ठेवायचंय ते सकाळचं. पाचला उठलो. आनंदीने न विचारता चहा दिला आणि मफलर काढून ठेवला. हडपसर झोपलेलं होतं. माळावर धुकं होतं आणि हात इतके गारठले की कुलूप उघडेना. उत्कर्षा शेडच्या दाराशी उभी होती, एकच स्वेटर घालून. तिने बोल्ट काखेत धरला नाही. तसाच गार बसवला आणि मारला. फुटलं. दुसरं, फुटलं. पाचही. मग मागे वळून म्हणाली, "सर, वेळेवर आलात."

मी घड्याळ बघितलं. बरोबर साडेसहा झाले होते. चोवीस दिवस उशीर झाला होता.